तुमचं सांगणं केस पेपरवर यायला हवं

पत्र:

‘माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला मेथिलमॅलोनिक अ‍ॅसिडेमिया आहे, ती तान्ही असतानाच निदान झालं. मागच्या आठवड्यात ताप आणि उलट्या सुरू झाल्या म्हणून पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात नेलं. कॅज्युअल्टीत मी परत परत सांगत होते, की हिला साधी सलाइन पुरत नाही, ग्लुकोजची लावा, अमोनिया तपासा. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, “ताई, व्हायरल आहे. नेटवरचं वाचून आम्हाला सांगू नका.” पहाटे ती हाकेला उठेना, मग एकदम धावपळ झाली. पीआयसीयूत, म्हणजे लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात, ठेवलं होतं, आता वॉर्डात आलोय. नाकातून नळी आहे. माणसं ओळखायला लागली आहे. पण मी काही विचारलं, की सिस्टर एकमेकींकडे बघतात. मिस्टर म्हणतात, लेकरू त्यांच्या हातात आहे, त्यांना दुखवू नकोस. सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं. मी गप्प बसू का? आणि बोलायचं तर कसं बोलू?’

– एक आई, धायरी

उत्तर:

प्रिय ताई,

गप्प बसू नका. हे आधी लिहिते, कारण तुम्ही हे वॉर्डातच, सलाइनकडे एक डोळा ठेवून वाचत असाल.

त्या रात्री तुम्ही जे सांगत होतात ते बरोबर होतं. तुमच्या लेकीच्या शरीराला प्रथिनांमधले काही घटक शेवटपर्यंत मोडता येत नाहीत. एरवी मोजून दिलेल्या आहारावर आणि औषधांवर तिचं ठीक चालतं. पण ताप आला, उलट्या झाल्या, पोट रिकामं राहिलं, की शरीर ताकदीसाठी स्वतःचेच स्नायू मोडायला लागतं. त्यातून निघालेली प्रथिनं तिला पचवता येत नाहीत, रक्तात आम्ल साचतं, अमोनिया चढतो आणि त्याचा परिणाम थेट मेंदूवर होतो. शिरेतून पुरेसं ग्लुकोज मिळालं, की स्नायू मोडायची गरज कमी होते. म्हणून अशा मुलांना कॅज्युअल्टीत आल्या आल्या ग्लुकोज सुरू करायचं असतं आणि अमोनिया, ब्लड गॅस (रक्तातलं आम्ल कळतं ती तपासणी), साखर तपासायची असते. हे नेटवरचं अर्धवट ज्ञान नाही. चयापचयाच्या आजारांचे तज्ज्ञ स्वतः पालकांना हेच शिकवतात.

मी बरीच वर्षं रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम केलं आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजूही माहीत आहे. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरसमोर पावसाळ्यात ताप-उलटीची मुलं ओळीने येतात आणि त्यातली बहुतेक खरोखरच व्हायरलची असतात. तुमच्या लेकीचा आजार त्याने पुस्तकात एका परिच्छेदात वाचलेला असतो, प्रत्यक्ष एकदाही पाहिलेला नसतो. म्हणून त्याने तुम्हाला गप्प करावं हे मला मान्य नाही. ‘मला माहीत नाही, वरच्या डॉक्टरांना फोन करतो’ एवढं म्हणायला त्याला काही लागत नव्हतं. पण ही परिस्थिती पुन्हा येणार आहे, दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या डॉक्टरपुढे. त्या वेळी तुमचा आवाज किती चढतो यावर काही अवलंबून ठेवू नका. तुमच्या हातात कागद हवा.

रुग्णालयात तोंडी सांगितलेलं टिकत नाही. रात्री तुम्ही डॉक्टरांना सांगता, सकाळी ते घरी जातात, नवे डॉक्टर फाइल उघडतात आणि तिथे ‘ताप, उलट्या, दोन दिवस’ एवढंच असतं. सिस्टरची ड्यूटी बदलते, तेव्हाही हेच. जे केस पेपरवर असतं ते पुढच्या माणसाला कळतं.

म्हणून पहिलं काम हे: तुमच्या मेटाबॉलिक किंवा जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडून एक पानाचं आपत्कालीन पत्र मागून घ्या. आजाराचं पूर्ण नाव, लेकीचं वजन आणि वजन केल्याची तारीख, ताप-उलटी झाली तर पहिल्या तासात काय सुरू करायचं, कोणत्या तपासण्या पाठवायच्या, प्रथिनं किती वेळ बंद ठेवायची, काय टाळायचं, आणि रात्री फोन कुणाला करायचा. खाली सही, शिक्का, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. जगभर अशा मुलांसाठी अशी पत्रं दिली जातात, त्यामुळे मागताना संकोच नको. दोन गोष्टी त्यात आहेत ना हे मुद्दाम बघा. एक, बी-ट्वेल्व्ह. या आजाराच्या काही मुलांना त्याचा उपयोग होतो, काहींना नाही. तुमची लेक पहिल्या गटातली असेल तर इंजेक्शनचं नाव हायड्रॉक्सोकोबालामिन असं पूर्ण लिहून घ्या, कारण औषधांच्या दुकानात सहज मिळतं ते बहुतेक वेळा मेथिलकोबालामिन असतं. दुसरं, फिट आली तर कोणतं औषध टाळायचं. झटक्यांसाठी सर्रास वापरलं जाणारं व्हॅल्प्रोएट या मुलांना शक्यतो देत नाहीत, आणि धावपळीत हे कुणाच्या लक्षात राहीलच असं नाही. डोस मी सांगणार नाही, ते काम डॉक्टरांचं. पण पत्रात डोस वजनाप्रमाणे लिहिलेला असावा आणि वजन वाढलं की पत्र नवं करून घ्यावं.

पत्राचा फोटो मोबाइलमध्ये असतोच, तरी कागद लागतो. फोन तुमच्या हातात राहतो, कागद फाइलला टाचला जातो. एक प्रत तुमच्या पिशवीत, एक मिस्टरांकडे, एक बालवाडीत.

आता वॉर्डाबद्दल. तिथे दिवसभर तुम्हीच असता आणि बऱ्याच गोष्टी फक्त तुमच्याच नजरेला पडणार आहेत.

सलाइन बंद पडणं ही बाकीच्या मुलांच्या बाबतीत लहान गोष्ट असते. सुई आउट होते, हात सुजतो, सिस्टर म्हणतात, ‘डॉक्टर येतील तेव्हा नवीन लावू.’ तुमच्या लेकीची नळीतून मिळणारी फीड पुरेशी चालत नसेल, तर मधले दोन तास तिच्या शरीराला काहीच मिळत नाही. तेव्हा शांतपणे पण लगेच सांगायचं: ‘सिस्टर, हिचं ग्लुकोज बंद पडलंय. हिला ग्लुकोजशिवाय ठेवता येत नाही. नवी लाइन कोण लावेल आणि किती वेळात? तोवर नळीतून काही द्यायचं का, हे डॉक्टरांना विचाराल का?’ वेळ वहीत लिहा. सिस्टरना राग येईल म्हणून लिहायचं थांबू नका, त्यांच्या देखत लिहा. ती हेरगिरी नाही. त्याही नोंदी तशाच ठेवतात.

उपाशी ठेवण्याचंही तसंच. एमआरआय असो, भूल देऊन करायची कोणतीही गोष्ट असो, आदल्या रात्री निरोप येतो, ‘सकाळपासून पोटात काही देऊ नका.’ निरोप आणणाऱ्याला हा आजार माहीत असेलच असं नाही. मग एमआरआयचा नंबर दुपारपर्यंत पुढे सरकतो. त्याच रात्री विचारा: उपाशी असताना ग्लुकोज चालू राहणार ना? कितीचं, आणि खाली नेतानाही चालू राहणार का? हिचा नंबर पहिला लावता येईल का? भूलतज्ज्ञांना आजार कळवलाय का? उत्तरं पटली नाहीत तर सकाळी पाठवण्याआधी तुमच्या मुख्य डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हलवू नका, असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

अमोनियाच्या नमुन्याबद्दल आईला हे का माहीत असावं, असं कुणी म्हणेल. पण मी पाहिलेलं सांगते. रक्त घेतलं जातं, छोटी बाटली काउंटरवर ट्रेमध्ये उभी राहते, वॉर्डबॉय दुसऱ्या मजल्यावर गेलेला असतो. अमोनियाचं रक्त बर्फात ठेवून लगेच लॅबला जायला लागतं. ते तसंच राहिलं तर आकडा खोटाच वाढून येतो. पट्टा खूप वेळ घट्ट बांधला, मूल फार झटापट करत असलं तरीही आकडा बिघडू शकतो. म्हणून नमुना घेतला की विचारायचं, ‘बर्फात ठेवलाय ना? कोण घेऊन जातंय?’ आणि रिपोर्ट आला की आकड्याशेजारचं एककही वहीत उतरवा. काही लॅब मायक्रोमोल प्रतिलिटर देतात, काही मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. दुसरा आकडा पहिल्याच्या सुमारे 1.7 पट असतो. कालचा 60 पहिल्या एककातला आणि आजचा 102 दुसऱ्या एककातला असेल तर अमोनिया वाढलाय असं नाही, तो तेवढाच आहे. या एका गोष्टीवरून मी नातेवाइकांना रात्रभर रडताना पाहिलं आहे.

जेवणाच्या ट्रॉलीवर लक्ष ठेवा. तोंडाने सुरू करायची परवानगी मिळाली, की किचनमधून सगळ्यांना येतं तेच येईल, मऊ वरणभात आणि दूध. आहारतज्ज्ञ बाईंना वॉर्डात बोलावून घ्या आणि दिवसाला किती ग्रॅम प्रथिनं, हे फाइलमध्ये लिहायला सांगा. उलटी गडबडही होते: प्रथिनं बंद केली ती बंदच राहतात. ती फार दिवस बंद ठेवली तर शरीर पुन्हा स्नायूंकडे वळतं, म्हणून साधारण एक-दोन दिवसांत ती थोडी थोडी परत सुरू करतात. ‘प्रथिनं पुन्हा कधी सुरू?’ हा प्रश्न राउंडला तुम्हीच विचारायचा. आणि भेटायला येणाऱ्या मंडळींना दारातच सांगा. ‘लेकरू वाळलंय गं’ म्हणून प्रेमाने पेढा भरवणारी आजी इथे धोक्याची ठरते. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच असतात म्हणून त्याची खिचडी अनेकांना निर्धोक वाटते, पण त्यात दाण्याचं कूट असतं, तेवढं लक्षात ठेवा.

आता कसं बोलायचं ते. तुम्ही लिहिलंय, की तुम्ही विचारलं की सिस्टर एकमेकींकडे बघतात. बघू देत. पण प्रश्न दिवसभर सुटे सुटे विचारण्यापेक्षा राउंडला एकत्र विचारलेले बरे, कारण राउंडला निर्णय घेणारी माणसं हजर असतात आणि तिथे बोललेलं फाइलमध्ये उतरतं. राउंड कधी असतो ते सिस्टरना विचारून ठेवा, त्या वेळी आंघोळीला किंवा मेडिकलमध्ये जाऊ नका. तीनच प्रश्न लिहून ठेवा, तीनपेक्षा जास्त असले की डॉक्टर शेवटच्याला चालायला लागतात. मिस्टरांना शिफ्टमुळे येता येत नसेल तर फोन स्पीकरवर ठेवू का, असं विचारून ठेवा. दोघं असाल तेव्हा एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं.

‘ती मला बरी दिसत नाहीये’ या वाक्याचं डॉक्टरांना काही करता येत नाही, आणि ‘सगळ्या आयांना असंच वाटतं’ म्हणून ते बाजूला पडतं. तुम्हाला जे दिसतंय ते फोडून सांगा. ‘रोज नाव घेतलं की मान वळवते. आज तीन हाकांनंतर डोळे उघडले आणि लगेच मिटले. दुपारपासून शू झालेली नाही. श्वास नेहमीपेक्षा भरभर चाललाय.’ ही वाक्यं केस पेपरवर जशीच्या तशी जातात. चार वर्षं तिच्याजवळ झोपणाऱ्या बाईला तिचा श्वास जितका माहीत आहे तितका त्या इमारतीत कुणालाच माहीत नाही. शक्य असेल तर लेकीचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा, चांगल्या दिवशीचाही एक. तो फरक डॉक्टरांना लगेच दिसतो. स्टाफचे व्हिडिओ मात्र काढू नका.

डॉक्टरांचं मत वेगळं पडलं तर वाद घालू नका, एवढंच म्हणा: ‘या पत्रात असं लिहिलंय. तुम्ही वेगळं ठरवताय, तर ते का, हे फाइलमध्ये लिहाल का? आणि या पत्रावरच्या डॉक्टरांशी एकदा फोनवर बोलाल का?’ हे वाक्य मी अनेक पालकांना दिलं आहे. बहुतेक वेळा लिहायची वेळ येत नाही, फोन लावला जातो. तरी हललं नाही, तर ड्यूटी डॉक्टरांच्या वर कन्सल्टंट असतात, त्यांच्या वर वैद्यकीय अधीक्षक, आणि रात्री प्रशासनाचं कुणीतरी ड्यूटीवर असतंच. ‘मला कन्सल्टंटशी आत्ता बोलायचंय’ हे रात्री दोन वाजताही म्हणता येतं. शुद्ध हरपत चाललेली असेल तर म्हणायलाच हवं.

एक गोष्ट करू नका. ओळखीच्या नगरसेवकाचा फोन, दिरासोबत आलेली दहा मुलं, ‘बघून घेऊ’ची भाषा. आपल्याकडे हे पटकन सुचतं आणि घरातल्या पुरुषांना काहीतरी केल्यासारखं वाटतं. त्यानंतर डॉक्टर तुमच्याशी मोकळं बोलणं सोडतात, प्रत्येक शब्द जपून लिहितात आणि लेकीपेक्षा स्वतःला वाचवण्याकडे लक्ष जातं. शिवाय महाराष्ट्रात डॉक्टर आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध 2010 पासून कायदा आहे. मिस्टरांची भीती मी समजू शकते. त्यांना एवढंच सांगा, की आपण कुणाला दुखवत नाही, आपण माहिती पुरवतोय.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. आणि कागद मागणंही. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाच्या नोंदी मागितल्यापासून 72 तासांत द्याव्या लागतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. त्या पहिल्या रात्रीच्या कॅज्युअल्टीच्या नोंदी, सलाइनचा तक्ता, अमोनियाचे सगळे रिपोर्ट वेळेसकट मागा. त्या रात्रीबद्दल तक्रार करायची असेल तर लेक घरी आल्यावर करा, या नोंदी समोर ठेवून, वैद्यकीय अधीक्षकांना पत्राने. दोषारोपाच्या पानभर मजकुरापेक्षा ‘मी अमुक वाजता हे सांगितलं, अमोनिया अमुक वाजता पाठवला गेला, मधल्या वेळेचं स्पष्टीकरण हवं’ हे जास्त लागू पडतं. उत्तर आलं नाही तर पुढचा दरवाजा महापालिकेच्या आरोग्य विभागाचा. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या 2021 च्या नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. ती कुठे लावली आहे ते एकदा बघून या, त्यातले शब्द पत्रात वापरता येतील.

सासूबाईंचं बोलणं. हा आजार मुलात दिसण्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही बदललेलं जनुक यावं लागतं. एकट्या माहेरकडून किंवा एकट्या सासरकडून तो येत नाही. दोघंही स्वतः ठणठणीत असतात, म्हणून घराण्यात आधी कुणाला दिसला नाही यात नवल नाही. दोघं वाहक, म्हणजे असं एकेक जनुक बाळगणारे, असतील तर प्रत्येक गर्भारपणात 25 टक्के शक्यता असते, आणि पुढच्या बाळाचा विचार असेल तर गर्भातच तपासणी करता येते. हे तुम्ही समजावू नका. जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंना बरोबर न्या आणि त्यांच्या तोंडून ऐकू द्या.

खर्चाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण पीआयसीयूचं बिल मला माहीत आहे. रुग्णालय धर्मादाय असेल तर 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी बिलिंग काउंटरवर वाद न घालता समाजसेवा विभागात जा, उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन, आणि डिस्चार्जच्या दिवसाची वाट न बघता आजच. पुढचं काम मुंबईत आहे. केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात तुमच्या लेकीचा आजार येतो आणि 2022 पासून नेमलेल्या केंद्रांमार्फत उपचारासाठी 50 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. असं एक केंद्र परळच्या केईएममध्ये आहे. रास्ता पेठेतलं आपलं केईएम वेगळं, पुण्यातली माणसं इथे हमखास गोंधळतात. आधी भरलेलं बिल त्यातून परत मिळेल असं धरून चालू नका. पण लेकीचं नाव तिथे नोंदवून ठेवा, कारण पुढे विशेष आहार, औषधं, कदाचित यकृत प्रत्यारोपणाचा विचार, हे सगळं त्याच दारातून जाईल.

आणि डिस्चार्ज मिळायच्या आधी ठरवायची एक गोष्ट. पुढच्या तापाला कुठे जायचं? ‘आधी जवळच्या दवाखान्यात दाखवू, मग बघू’ हे तुमच्या लेकीला परवडणारं नाही. सिंहगड रस्त्याची संध्याकाळची कोंडी धरून तुम्ही कुठे लवकर पोहोचता, ते ठरवा. तिथे पीआयसीयू आहे का, अमोनियाची तपासणी रात्रीही तिथेच होते की नमुना बाहेर पाठवतात, आणि तुमच्या पत्राची प्रत ते लेकीच्या नावाने नोंदवून ठेवतील का, हे तिथल्या बालरोग विभागात विचारून या. लेक बरी असताना, एखाद्या साध्या दुपारी, दोघंही जा.